दोन्हीकडं सिंह

भाऊसो सर उद्यमनगरातल्या गाळ्यात आले तेव्हा कृष्णात एका पंपाच्या बुशावर शेवटचा हात फिरवत होता. लेथ चालू असताना कुणाशी बोलायचं नाही ही सवय त्याला सरांनीच लावलेली, त्यामुळं त्याची मान वर झाली नाही. सरही मशीन थांबेपर्यंत दाराशीच उभे राहिले. बावीस वर्षांपूर्वी आयटीआयच्या शेडमध्ये ते असेच उभे राहायचे, आणि मागं कोण आलंय ते पोरांना न वळताच कळायचं.

"या की सर. बसा." कृष्णातनं स्टूल फडक्यानं पुसून पुढं सरकवलं.

"बसतो. तू आधी हात धू. एक जिन्नस दाखवायचाय तुला."

सरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. टर्नर ट्रेडच्या कितीतरी तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, कागलच्या एमआयडीसीत आज निम्म्या कारखान्यांत त्यांची पोरं होती. पण गावात कुणी विचारलं, सर, तुमच्या पोरांत सगळ्यात चांगला हात कुणाचा, की सर कृष्णातचं नाव घ्यायचे. हे कृष्णातला ठाऊक होतं. लोक येऊन सांगायचे, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण दिवसभर त्याला ते पुरायचं.

सरांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. डबीत कापूस होता आणि कापसात एक नाणं. पाच रुपयांचं, जुनं, जाड. त्यांनी ते दोन बोटांत कडेनं धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. दोन्ही बाजूंना सिंहाची मुद्रा. पाचाचा आकडा कुठंच नाही.

"बघितलास? टांकसाळीची चूक हाय ही. दोन्हीकडं एकच ठसा पडलाय."

कृष्णातनं नाण्याला हात लावला नाही. ते नाणं टांकसाळीनं केलेलं नव्हतं. ते याच गाळ्यात, याच लेथवर, गेल्या दिवाळीच्या आधी त्यानंच केलेलं होतं.

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांमागं अमरसिंह नावाचा एक माणूस त्याच्याकडं येऊ लागला. जुन्या नाण्यांचा धंदा करायचा. प्रदर्शनांत टेबल लावायचा, मोबाइलवर गिऱ्हाइकं जमवायचा. पहिल्यांदा आला तो गाडीचं काहीतरी काम घेऊन, मग नुसता चहाला. नाण्यांच्या गोष्टी सांगायला त्याच्यासारखा माणूस नव्हता. कुठल्या नाण्याचा ठसा सरकलाय, कुठल्याची एक बाजू कोरीच राहिलीय, आणि त्याला शौकीन लोक किती मोजतात. "चांगली नाणी कोटींनी हायत, त्यांना कोण इचारतंय," तो म्हणायचा. "बिघडलेलं टांकसाळ बाहेर सोडतच न्हाय. त्यातनं एखादं निसटतं. म्हणून त्याला भाव."

एक दिवस त्यानं पाचाची दोन नाणी टेबलावर ठेवली. दोन्हीकडं सिंह असलेलं एक नाणं त्यानं मुंबईत पाहिलं होतं म्हणे. कुणीतरी हातानं केलेलं, एका नाण्याची एक बाजू पोखरून त्यात दुसऱ्याची बाजू बसवलेली. "पण सांधा दिसत होता. न दिसणारा सांधा तुझ्यानं जमंल काय?"

लोकांना फसवायला मदत करतोस का असं विचारलं असतं तर कृष्णातनं त्याला बाहेर घातलं असतं. पण अमरसिंहानं जमंल काय असं विचारलं होतं.

पाच दिवस गेले त्यात. अकरा नाणी वाया गेली. पाचव्या दिवशी दुपारी त्यानं बाहेरच्या उजेडात नाणं धरलं आणि सांधा कुठंय ते त्याचं त्यालाच सापडेना. इतकं बारीक काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. गंमत अशी, की ते कुणाला दाखवताही येईना. बायकोला, पूर्णिमाला, धुण्यात पँटच्या खिशात ते सापडलं तेव्हा त्यानं "एक नमुना हाय" एवढंच सांगितलं. दाखवता आलं ते फक्त अमरसिंहाला. त्यानं भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "टांकसाळीलाबी जमलं नसतं, गड्या."

त्या एका वाक्यावर कृष्णातनं आणखी सहा नाणी केली. पैसे चांगले मिळायचे, नाही असं नाही. पण पैसे नसते तरी त्यानं दोन-तीन केली असती. ती कुठं जातात ते त्यानं विचारलं नाही. पुण्या-बंगळूरच्या बंगल्यांतली माणसं घेत असतील, त्यांना अठरा-वीस हजार म्हणजे काय, अशी त्यानं मनाची समजूत घालून ठेवली होती. आणि आता त्यातलं एक चष्म्याच्या डबीतून परत आलं होतं.

"कितीला घेतलंत, सर?"

"ते सोड." मग सर स्वतःच म्हणाले, "अठरा हजार. पेन्शनीतनं बाजूला टाकत आलतो. पारूला अजून सांगितलं न्हाय, ती मला घरात ठेवायची न्हाय." ते हसले. "पण अशा चुकीचं एक तरी आपल्याकडं असावं, असं लई दिवस होतं बघ मनात. आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या की. म्हटलं, सरकारची एक चूक आपल्या घरात असू दे."

कृष्णात फडक्यानं हात पुसत राहिला.

"आता काम सांगतो," सर म्हणाले. "आमच्या नाणेप्रेमी मंडळातले एकदोघं म्हणतात, बनावट असंल. नाण्यातलं मला जेवढं कळतं तेवढंच त्यांनाबी कळतं. पण धातूतलं कळणारा माझ्या ओळखीत एकच हाय. तू बघ आणि सांग. सांधा असला तर तुझ्या नजरेतनं सुटायचा न्हाय."

कृष्णातनं भिंग घेतलं. नाणं दिव्याखाली धरलं. बघायचं काही नव्हतं, तरी बघत राहिला. सर गुडघ्यांवर हात ठेवून स्टुलावर बसले होते. पेपर तपासून होण्याची वाट पोरं बघतात तसे. आत्ता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. सर, हे माझं काम आहे. एवढे चार शब्द. पण मग सर अमरसिंहाकडं जाणार, अमरसिंह कृष्णातचं नाव घेणार, आणि उद्यापर्यंत सगळ्या उद्यमनगराला कळणार. हे भय खरं होतं. पण त्याच्याही तळाशी दुसरं एक होतं. सर आत्ता त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होते, ती नजर त्याला सोडवत नव्हती.

"सांधा दिसत न्हाय, सर," तो म्हणाला. आणि हे खोटं नव्हतं, असं त्यानं मनाशी धरलं.

"म्हंजे अस्सल?"

"व्हय."

"बास. तू म्हटलास, विषय संपला." सरांनी नाणं कापसात ठेवलं. उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रविवारी प्रदर्शन हाय, शाळेच्या हॉलमध्ये. पूर्णिमाला घेऊन ये. टांकसाळीतनं रिटायर झालेले एक गृहस्थ येणार हायत बोलायला. ऐकण्यासारखं असंल."

सर गेल्यावर कृष्णातनं मशीन चालू केलं. पहिला बुश बिघडला. दुसराही. मग त्यानं बटण बंद केलं आणि नुसताच बसून राहिला.

रविवारी जाऊ नये असं त्याला वाटत होतं. पण न गेलो तर सरांना काय सांगायचं, म्हणून गेला. पूर्णिमा ठेवणीतलं पातळ नेसून बरोबर आली. हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. बाकांवर पांढरे कपडे अंथरून त्यावर काचेच्या पेट्या मांडलेल्या. शिवराई, संस्थानी रुपये, भोकाचे पैसे. सरांची पेटी कोपऱ्यात होती. मधोमध ते पाच रुपयांचं नाणं, आणि त्याखाली सरांच्या सुबक अक्षरातलं कार्ड: ‘टांकसाळीतील चूक. दोन्ही बाजूंस सिंहमुद्रा. तपासणी: श्री. कृष्णात पाटील, टर्नर, उद्यमनगर.’

"तुमचं नाव घातलंय की," पूर्णिमा म्हणाली. वाकून तिनं नाणं पाहिलं. कृष्णातनं तिच्याकडं पाहिलं तेव्हा ती दुसऱ्या पेटीकडं सरकली होती.

गणपतराव म्हणजे टांकसाळीतले गृहस्थ, सत्तरीचे, अंगानं सडसडीत. मूळचे कागलकडचेच, अठ्ठावीस वर्षं नोकरी करून गावी परतले होते. ते खुर्चीत बसूनच बोलले, पण हॉल गप्प झाला.

"लोकांना वाटतं, टांकसाळीचं काम म्हणजे नाणी करणं," ते म्हणाले. "आमचं निम्मं काम नाणी मारण्याचं. तपासणीच्या पट्ट्यावर वाकडं, चिरलेलं, ठसा सरकलेलं नाणं दिसलं की बाजूला. ती बाजूची नाणी वजन करून, कुलूप लावलेल्या पेटीतनं न्यायची आणि दोन दातेरी रुळांमधून घालायची. पलीकडनं निघतात ती पन्हाळी पत्र्यासारखी, अंगावर खाचा पडलेली. त्यावरचा सिंह वळखू येत न्हाई. मग ती वितळायला जातात. असं का? तर आमची चूक बाजारात फिरू नये म्हणून. कितीही केलं तरी हजारांत एखादं तपासणाऱ्याच्या डोळ्याखालनं पोत्यात जातंच. ते तुम्ही लोक हुडकता, आणि आमची लाज काचेत ठेवता."

लोक हसले. मग मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, भाऊसो सरांचं ते दोन्हीकडं सिंह असलेलं नाणं बघितलं का?"

गणपतरावांनी बघितलं होतं. "बघितलं. सरांची हरकत नसली तर बोलतो."

"बोला की," सर म्हणाले. ते पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी स्वतः उठून नाणं आणून दिलं.

"वरचा ठसा आणि खालचा ठसा, दोघांची बैठक आमच्याकडं निराळी असायची. एकाच्या जागी दुसरा बसायचा न्हाई. माझ्या नोकरीत तरी असं नाणं मी पाहिलं न्हाई." गणपतरावांनी खिशातून एक साधं पाचाचं नाणं काढलं आणि टेबलावर टाकलं. ते खणखणून गोल फिरलं. मग सरांचं टाकलं. ते टक्‌ करून आडवं झालं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

मोबाइलची बत्ती तिरकी धरून त्यांनी नाणं सरांपुढं केलं, भिंग दिलं. "काठाच्या आतल्या अंगाला बघा. केसाएवढी रेघ. दोन नाणी हायत ही. एकात दुसरं बसवलंय." आणि मग जरा आदरानंच म्हणाले, "ज्यानं केलं त्याचा हात मात्र असा की सांगता सोय न्हाई."

सर भिंगातून बघत राहिले. हॉलमध्ये कुजबूज झाली. कुणीतरी पेटीपाशी जाऊन कार्ड वाचलं असावं, कारण मागून आवाज आला, "मग हे तपासणी करणारे पाटील कोण?" त्यावर दोघंतिघं हसले.

कृष्णात तिसऱ्या रांगेत होता. नाणं वाजल्यापासून त्याची मान खालीच होती.

सर उभे राहिले. "त्याचा दोष न्हाय," ते म्हणाले. "त्याला नाण्यातलं काय ठाऊक? मीच गाळ्यात जाऊन, काम सोडायला लावून त्याच्या हातात कोंबलं. मला अस्सलच ऐकायचं होतं, तेच मी त्याच्याकडनं वदवून घेतलं. चूक माझ्या हौसेची." ते सावकाश पेटीपर्यंत चालत गेले, कार्ड काढलं, मधोमध दुमडलं आणि खिशात घातलं. नाव आता कुणाला वाचता येणार नव्हतं.

घरी जाताना मोटरसायकलवर पूर्णिमा मागं बसली होती. रंकाळ्याच्या वळणावर म्हणाली, "सरांच्या घरी कधी जाणार?" खिशात सापडलेल्या नमुन्याबद्दल ती बोलली नाही. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आर. के. नगरात सरांच्या दाराशी उभा राहिला. खिशात अठरा हजारांचं पाकीट होतं. दार पारूबाईंनी उघडलं.

"ये. आंघोळीला गेलेत," त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरातून चहा आणून त्यांनी त्याच्यासमोर ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. "काल जेवले न्हाईत. मी म्हटलं, गेलं ते गेलं, आता उपाशी राहून नाणं खरं होणाराय व्हय? तर म्हणतात, नाण्याचं काय घेऊन बसलीस, त्या पोराचं नाव लोकांत हसण्यावारी गेलं. माझ्यामुळं."

कृष्णातनं चहाचा कप बाजूला सरकवला.

सर आले, समोरच्या खुर्चीत बसले. कृष्णातनं तोंड उघडलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. अमरसिंह, पाच दिवस, अकरा नाणी वाया, नंतरची सात. भिंगातून बघताना काय मनात होतं तेही सांगितलं. सांगताना तो टेबलाच्या पायाकडं बघत होता. बोलून झालं. शेवटी त्यानं वर पाहिलं.

"ठाऊक हाय मला," सर म्हणाले. "काल नाणं वाजलं, तवा सगळा हॉल नाण्याकडं बघत होता. मी मागं वळून तुझ्याकडं बघितलं. तू जमिनीकडं बघत होतास."

म्हणजे उभं राहून बोलले तेव्हा सरांना ठाऊक होतं. कार्ड दुमडलं तेव्हाही ठाऊक होतं. कृष्णातनं कशीबशी मान हलवली. काल हॉलमध्ये वाटलं होतं, याहून खाली जायला जागा नाही. ती होती.

त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं. सरांनी त्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पारूबाईंनी मात्र ते उचललं. "मी घेते," त्या म्हणाल्या. "ह्यांना लाज वाटतीया. मला न्हाय वाटत. आमचं हाय ते." आणि कपाटात ठेवायला आत गेल्या.

"बाकीची सहा कुठायत?" सरांनी विचारलं.

"ठाऊक न्हाय, सर. पुण्याकडं गेली असतील."

"म्हंजे आणखी सहा घरांत कुणीतरी डबी उघडून बघत बसलंय." सर म्हणाले. "येत्या रविवारी मंडळाची बैठक हाय. तिथं येऊन सांग. मला सांगून काय उपेग न्हाय. मला कळलंच होतं. त्या सहा जणांना कळाय पायजे."

त्या रविवारी कृष्णात गेला. बाविसेक माणसं होती, गणपतरावही आले होते. तो उभा राहिला. आयटीआयमध्ये तोंडी परीक्षेला राहायचा तसा, पण तेव्हा येत असलेलं सांगायचं होतं. त्यानं आपलं नाव सांगितलं, गाळ्याचा पत्ता सांगितला, काय केलं ते सांगितलं. गाळ्यात अर्धवट राहिलेली दोन नाणी आणली होती, ती टेबलावर ठेवली. संपल्यावर एक सोनार म्हणाला, "ह्याला आत घातला पायजे," आणि त्याला कुणी नको म्हटलं नाही. गणपतरावांनी सगळं लिहून काढायला लावलं, सांधा कुठं आणि कसा ओळखायचा तेही. खाली सही घेतली. तो कागद जोडून मंडळानं अमरसिंहाविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला. अमरसिंहाचा मोबाइल त्याच संध्याकाळपासून बंद झाला. कृष्णातला दोनदा ठाण्यात बोलावणं आलं, जबाब झाला. पुढं काय होणार ते अजून कुणालाच सांगता येत नाही. सहांपैकी तिघांचा पत्ता लागला. त्यात एकही बंगलेवाला नव्हता. एक वारणानगरच्या दूध संघातला निवृत्त कारकून होता, एक इचलकरंजीचा कापडवाला, आणि एक बाई होत्या, ज्यांनी ते नाणं नवऱ्याच्या साठीला भेट म्हणून घेतलं होतं. पूर्णिमानं आपल्या बांगड्या गहाण ठेवल्या आणि तिघांचे पैसे परत केले. त्या बाईंनी पैसे दारातूनच घेतले. आत या म्हटलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या बैठकीनंतर लोक पांगले तेव्हा कृष्णात जिन्याखाली थांबून राहिला होता. सर उतरले. गुडघा धरला होता, एकेक पायरी कठड्याला धरून येत होते. कृष्णात पुढं झाला, हात देऊ केला. सरांनी कठडा सोडला नाही. खाली येऊन त्यांनी स्कूटरची किल्ली काढली.

"सोडू का घरापर्यंत, सर?" त्यानं विचारलं. "गाडी मी उद्या पोचवतो."

"नको," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "जाईन मी हळूहळू. तुम्ही निघा. अंधार पडायच्या आत जपून जावा."

कृष्णात एकटाच समोर होता, आणि बावीस वर्षांत सरांनी त्याला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. सर गेले. पलीकडच्या झाडाखाली पूर्णिमा मोटरसायकलजवळ उभी होती, तिच्याकडं जायला त्याला बराच वेळ लागला.

"काय म्हणाले सर?" तिनं विचारलं.

"जपून जावा म्हणाले," त्यानं सांगितलं, आणि गाडीला किक मारली.